पातं दोन बोटं वाकवायचं

—ती नको. ती ठेवा खाली. अहो, माझ्या हातात नका देऊ, काचेवर ठेवा — सुरी हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, आणि आपलं भांडण व्हायला अजून अवकाश आहे. हं. सात इंच पातं, पाठीवर करवतीसारखे दाते — काय करणार आहात तिचं? वाघ मारणार? शेवटी डोंगरावर जाऊन टोमॅटोच चिरणार ना? मग! ती सुरी मी दर्शनी ठेवली आहे ती एवढ्याचसाठी. खराडीच्या आयटी कंपन्यांतून मोटारसायकलवर तुमच्यासारखी जी मंडळी येतात ती आधी तिच्यावरच हात टाकतात, आणि मला लगेच कळतं की समोरच्याला यातलं काही कळत नाही. राग मानू नका. नाव काय आपलं? श्रीधर? बसा श्रीधरराव. मी मकबूल. बाहेर पाटीवर मुनव्वर लिहिलंय ते आमचे अब्बा — ते गेले, पाटी राहिली. खडकी बाजारात पाटी बदलली की लोकांना वाटतं दुकान बुडालं.

तर काय म्हणालात — काटक्या तासायच्या, दोरी कापायची, आणि त्याच पात्यानं कांदा, बटाटा, जमलं तर कोंबडी. एकच सुरी, आणि घडीची नको. हे मात्र शहाण्यासारखं बोललात. घडीच्या चाकूच्या सांध्यात कांदा अडकतो आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. आता हात दाखवा. असा नाही, पंजा उघडा. बापरे, काय मऊ हात आहे हो! बाळंतिणीनं हेवा करावा. साडेतीन इंच पातं पुरे तुम्हाला, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. जाडी अडीच मिलिमीटर, त्यापुढे नाही — जाड पातं कांदा कापत नाही, फोडतं, आणि मग डोळ्यांतून पाणी काढत सुरीच्या नावानं बोंब मारता. पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं हवं, मूठ बाभळीची. शिसवीची असते, दिसते छान, पण तुम्हाला फोटो काढायचाय का कांदा कापायचाय? दोन्ही? ते वाटलंच मला.

स्टेनलेस आहे, ती वरच्या ओळीत. गंजत नाही, आळशी माणसाला बरी. साधं पोलाद घेतलंत तर पहिल्या लिंबाला काळं पडेल. पडू दे. पुसायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, मग म्यानात घालायचं. ओली सुरी चामड्याच्या म्यानात कोंबून घरी आलात आणि आठ दिवसांनी गंज दाखवायला इथे आलात तर मी तुम्हाला ओळखणार नाही, आत्ताच सांगतो. गेल्या पावसाळ्यात आला होता एक जण असा, अगदी रडकुंडीला आलेला. मी त्याला विचारलं, दात रोज घासता की ते पण असेच म्यानात ठेवता? गेला बिचारा, परत नाही आला. नाही आला तर नाही आला. ज्याला निगा राखायची नाही त्याला माझी छाप असलेली वस्तू वापरायचा हक्क नाही, असं आपलं माझं मत आहे.

छाप म्हणजे ही — दिसते? मुठीच्या वर, गोलात ‘म’. अब्बांचाही म, माझाही म, त्यांचा गोल जरा मोठा होता. पात्याला पाणी देतो ना, म्हणजे लालबुंद तापवून तेलात बुडवतो, तेव्हा मुठीजवळचा तेवढा भाग मऊ ठेवतो, कारण छाप सगळ्यात शेवटी मारायची असते. आधी परीक्षा, मग छाप. या तीन घ्या बघायला, तिन्ही साडेतीन इंच, तिन्ही— नाही, तिकडे नाही. तिकडे हात नका घालू. त्या परातीत आहे ती विकाऊ नाही. काय आवडलं तिच्यात? हातात बसली? बसेल, न बसायला काय झालं. पातं सरळ आहे, धार अंगठ्याच्या नखावर धरून ठेवते, वजनही बोटावर तोललं जातं, मी कुठे नाही म्हणतो. पण छाप बघा. नाही ना? मग ती सुरी नाहीच. ती आमच्या मुलीनं केलेली आहे. आतमध्ये ग्राइंडरवर बसली आहे ती — आवाज येतोय ना? ती सलीमा. ए सलीमा! तुझं लोखंड बघ कोणीतरी हातात घेतलं! अकरा वर्षांत पहिलं गिऱ्हाईक! — बघितलंत? मान पण वर केली नाही. ग्राइंडर चालू असला की ढोल वाजवला तरी तिला ऐकू जात नाही. कानाला ती रबरी बोंडं लावते. बरं असतं, मनातलं बोलता येतं.

तुम्हाला सांगतो काय पद्धत आहे. शिकणाऱ्यानं पातं करायचं, अगदी पहिल्यापासून, कोणाचा हात न लागता. मग उस्तादानं ते या वाईसमध्ये, या लोखंडी पकडीत, टोकाकडून आवळायचं, मुठीला धरून ओढायचं. वाकलं पाहिजे आणि सोडल्यावर सरळ झालं पाहिजे. जास्त कडक असेल तर काडकन तुटतं, मऊ असेल तर वाकडंच राहतं. सरळ झालं की उस्ताद आपल्या हातानं शिकणाऱ्याची छाप त्यावर मारतो — त्याची स्वतःची छाप, हो — आणि त्या दिवसापासून तो शिकणारा नाही. वेगळं दुकान टाकायला मोकळा. अब्बांनी माझी तीन पाती मोडली. चौथं वाकलं, परत आलं. एकोणीस वर्षांचा होतो. अब्बांनी तेव्हा मला जेवायला बरोबर बसवलं, त्याआधी मी त्यांचं झाल्यावर जेवायचो. हिची किती मोडली म्हणता? एक्केचाळीस. मोजलेली आहेत, ती मोजते, मी नाही. वर्षातून तीन-चार पाती घेऊन येते, इथे ठेवते, समोर उभी राहते. मी वाईसमध्ये लावतो, ओढतो. तुटतं. तुकडे उचलते आणि आत जाते. एकदा विचारत नाही का तुटलं म्हणून. मला तर वाटतं डोकंच कमी आहे.

किती वाकवायचं? हे बरं विचारलंत, इतकी वर्षं हिनं नाही विचारलं. दोन बोटं. वाईसच्या कडेला दोन बोटं आडवी धरायची, मूठ तेवढी हलली की बस. अब्बांचा नियम. एवढ्याशा पात्याला त्याहून जास्त कोणी ओढत नाही, ओढलं तर जगातलं कुठलंही पोलाद— अं? हिला? हिला जरा जास्त ओढतो. चार. कधी पाच. अहो, तसं का बघताय? मुलगी आहे, तिला बाजारात उभं राहायचं असलं तर पुरुषाच्या दुप्पट पक्कं नको? मी तिच्या भल्यासाठीच करतो. शिवाय तिला माहीत नाही ना दोन बोटांचं. तिला वाटतं आमच्यात असंच असतं. अब्बा गेले तेव्हा ती लहान होती, सांगणार कोण? मी तर सांगणार नाही.

आता हे काय काढलंत खिशातून — मित्राची सुरी? बघू. ठेवा, ठेवा काचेवर. हो, आमचीच. गोलात म. दिवाळीत घेतली म्हणता? असेल. छान राहिली आहे, तुमच्या मित्राला तेल लावायचं कळतं. अशीच हवी? तर मग अशीच म्हणून ती परातीतली उचललीत होय! डोळा आहे तुम्हाला, मी उगाच टाकून बोललो. एकाच हातच्या आहेत ना दोन्ही. म्हणजे— हो. आता तुम्ही ओळखलंतच तर काय लपवायचं. दुकानात जे जे आहे ते सगळं तिच्याच हातचं, पाच-सहा वर्षं झाली. छाप माझी. त्यात काय झालं? दुकान माझं, पोलाद माझं, भट्टीचा कोळसा माझा, आणि ती पण माझीच की. दुकानासाठी केलेल्या सुऱ्यांवर माझी छाप. ती स्वतःची म्हणून जी आणते ती वेगळी, ती मोडतो. हिशेब सरळ आहे.

माझे हात चांगले आहेत अजून, हे बघा, थरथर नाही. डोळ्यांचं जरा आहे. पाणी दिल्यावर पातं काचेसारखं कडक होतं, मग ते घासून चकचकीत करून हलक्या आचेवर ठेवायचं, त्याचा ताठा उतरवायचा, आणि त्या वेळी त्याच्यावर रंग चढत जातात — आधी वाळल्या गवतासारखा, मग मधाचा, मग तपकिरी, जांभळा, निळा. सुरीला गवत ते मध, तेवढ्यात उचलायचं. क्षणभर उशीर झाला, निळं झालं, की ते पातं कांद्यालाही घाबरतं. सगळा खेळ त्या रंगाचा आहे. आणि मला अलीकडे सगळंच चहासारखं दिसतं. तुमचा शर्ट — तपकिरी आहे ना? असू दे, असू दे, सांगू नका. मोतीबिंदू पिकलाय म्हणतात. डॉक्टर म्हणाला, वीस मिनिटांचं काम. पण वीस मिनिटांनंतर? आठ दिवस डोळ्याला धूर लागू द्यायचा नाही, भट्टीजवळ जायचं नाही, दुकान हिच्या हातात. आठ दिवसांत गिऱ्हाइकाला कळतं हो, की म्हातारा नसला तरी चालतं. ते नाही मी होऊ देणार. तिला माहीत नाही डोळ्यांचं. मी रोज एकदा भट्टीपाशी जातो, म्हणतो, हं, उचल आता. तोवर तिनं उचललेलंच असतं.

एकदाच गोची झाली. धायरीला बायडाबाई आहेत, खानावळ चालवतात, त्यांना दोन सुऱ्या हव्या होत्या. जुनं गिऱ्हाईक, म्हटलं या आपण स्वतः करू. केल्या. पंधरा दिवसांनी बाई रिक्षा करून आल्या आणि दोन्ही सुऱ्या या काचेवर आपटल्या — ‘काय ओ मकबूलभाई, ही सुरी हाय का लाटणं? कोंबडीत घातली की वाकती!’ चार माणसं होती दुकानात. मी काय केलं असेल? सलीमाला हाक मारली. म्हटलं, हिनं केल्यात. म्हटलं, शिकते आहे, हात कच्चा आहे, माफी माग बाईंची. तिनं मागितली. माझ्याकडे बघत मागितली. ‘चुकलं मावशी,’ म्हणाली, आणि आत जाऊन दोन नव्या सुऱ्या आणून दिल्या. बायडाबाई पण तिखट, त्या म्हणाल्या, पोरीला शिकवता येत नसंल तर चूल फुंकायला बसवा. मी म्हटलं, तेच करतो आता. हसलो आम्ही सगळे. त्या नव्या सुऱ्या अजून चालतात त्यांच्याकडे, दर ईदला निरोप येतो, मकबूलभाईंचा हात काय म्हणून.

लग्न? स्थळं आली की दोन. तुम्ही फार खोलात शिरता हो, सुरी घ्यायला आलात ना? आली होती. एक तर चांगलं होतं, सोलापूरचं, मुलगा वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात. पाहुणे बसले, ही चहा घेऊन आली, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. मी म्हटलं, सलीमा, बाह्या वर कर, लोकांना नंतर फसवलं असं वाटायला नको. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत, पाणी देताना तेल उडतं ना. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. तिची आई तेव्हा जिवंत होती, मुमताज, ती त्यानंतर माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मग मेली. म्हणजे त्यामुळे नाही, नंतर, तापानं. मी खोटं काही बोललो होतो का? डाग होतेच ना?

आणि भोळी वाटते ना तुम्हाला? भोळी नाही. मागच्या महिन्यात तिच्या हत्यारांच्या डब्यात मला एक ठसा सापडला. पोलादाचा, स्वतः कोरलेला. गोल नाही, चौकोन, आणि आत ‘स’. इतका बारीक, इतका स्वच्छ कोरलेला, अब्बांना जमला नसता. परीक्षा अजून पास नाही आणि ठसा तयार! मी काय केलं, कानस घेतली, तोंड घासून सपाट केलं, आणि डब्यात होता तसा परत ठेवून दिला. बोललो एक शब्द नाही. तीही बोलली नाही. मी वाट बघत होतो रडेल म्हणून, बरेच दिवस.

नाही म्हणजे नाही श्रीधरराव. परातीतली मिळणार नाही. माझी छाप मारून देऊ तिच्यावर? आत्ता मारतो, एक मिनिट लागतं. नको? बिनछापेचीच हवी, आणि पैसे सलीमाच्या हातात देणार? वा! खराडीत हे पण शिकवतात का? बरं. बरं, मग होऊन जाऊ दे. परीक्षाच घेऊ, तुमच्यासमोर. पास झाली तर तिची सुरी, तिचे पैसे, मी मधे नाही. सलीमा! बंद कर ते आणि ये बाहेर. काढ ती बोंडं कानातली. हे साहेब तुझी बाजू घेऊन लढायला आलेत. उभी राहा तिथे. नेहमीच्या जागी.

आवळलं. बघा, टोक घट्ट आहे. आता तुम्ही बोटं धरा, हो, दोन, तुमचीच धरा, मऊ असली तरी चालतील. ओढतो. एक... दोन बोटं. लागली मूठ तुमच्या बोटांना? सोडतो. — सरळ आली. हं. आली खरी. केसभर फरक नाही, डोळा लावून बघा हवं तर. काय ग, तू काय बघतेस? साहेबांच्या बोटांकडे काय बघतेस? दोन बोटं त्यांनी धरली आहेत, त्यांना काय माहीत आमच्यातलं. परीक्षा संपलेली नाही. सरका तुम्ही, हात काढा, उगाच लागेल. तीन. बघा, अजून धरून आहे. चार. चारलाही— अरे, येते अजून! कमाल आहे. पाच. सरका म्हटलं ना—

तुटली. लागलं नाही ना कोणाला? टोक तिकडे उडालं, स्टुलाखाली. तर अशी गत आहे. बेचाळीस. सलीमा, उचल ते. उचल आणि जा आत. अहो, ओरडता कशाला, माझं दुकान आहे, मी हवं तितकं ओढीन, आणि सगळं सांगितलंत तिला एका दमात, दोन बोटं आणि डोळे आणि बायडाबाई! मी तुम्हाला घरचं समजून बोललो. सांगा, सांगा. जाणार कुठे आहे ती? तेहतीस वर्षांची, हात तसे, नावाला छाप नाही. गेली बघा आत. आणि तुकडे न उचलता गेली, हे नवीनच.

आली. काय आणलंस? ताठा उतरवलेलं पातं आहे? मग मला कशाला, मी तर नालायक आहे ना, साहेब सांगतायत. रंग सांगू? साहेबांसमोर? आण इकडे. चिमट्यातच धर, पुढे कर, उजेडाकडे. बघा श्रीधरराव, आता बघाच, चाळीस वर्षांची नजर काय असते ती. हा कडेला आहे ना, हा गवती. वाळलेल्या कुसळाचा, फिकट. आणि असा आत येतो तसा मध होत जातो, इथे, मुठीकडे, दिसतो? एकसारखा चढलाय, कुठे डाग नाही. मुठीशी किंचित तपकिरी झाक आहे, ते एवढं चालतं. उत्तम उतरलंय. मी असतो तर अर्धा क्षण आधी उचललं असतं, पण उत्तम.

काय झालं? तुम्ही तिच्याकडे काय बघताय, माझ्याकडे बघा. चुकलो? निळं आहे का? मग जरा— नाही? बोला ना मोठ्यानं, तोंडातल्या तोंडात काय. रंगच नाही? रंग नाही म्हणजे? कोरं आहे? भट्टीत गेलंच नाही ते अजून?

बरं. बरं. दुकान बंद झालंय. मित्राची सुरी उचला आणि निघा. पैसे नकोत, काही नको, निघा. आणि हिला काय झालंय हसायला? श्रीधरराव, तुम्ही निघा.